चूकसुद्धा माझीच

यू शू-झनच्या पोटात दुखायला लागलं की समजावं, जवळपास कुणीतरी कांग त्साय-युनचं कौतुक करतंय. दुखायचंही ठरलेल्या जागी, डाव्या बरगडीच्या खाली. डॉक्टरांनी नळी घालून आतून सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. सापडणार कसं? त्यांच्या खोलीत त्साय-युनचं नाव काढायला होतं कोण!

दोघी ज्याई शहरातल्या एका बस कंपनीत कामाला, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर. कंपनीची आगारं समुद्रकाठापासून थेट चहाच्या डोंगरापर्यंत पसरलेली, आणि प्रत्येक आगारात एक राउटर. तिकिटाची खिडकी, गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक, चालकांची हजेरी, सगळं त्या एका चपट्या डब्यातून मुख्य कचेरीशी बोलतं. डबा बसला की आगार मुकं होतं आणि लोक खिडकीवर हात आपटायला लागतात.

या डब्याच्या पोटात फायली असतात. त्यातली एक फार मोलाची. आपण कोण, कुठल्या आगाराचे, कुणाशी बोलायचं, कुणाला दारातच उभं करायचं, ते सगळं तिच्यात लिहिलेलं. ती गेली की डब्याला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. म्हणून तिची प्रत काढून कचेरीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर जपून ठेवायची. हे प्रती काढण्याचं काम शू-झनचं. आणि कुठे काही मोडलं की गाडी काढून धावायचं, ते काम त्साय-युनचं. ही वाटणी साहेबांनी केली नव्हती, दोघींच्या स्वभावांनी केली होती. शू-झन म्हणजे सोया सॉसची एक बाटली उघडली की दुसरी आणून फडताळात ठेवणारी बाई. त्साय-युन म्हणजे बाटली संपल्यावर शेजारणीकडे वाटी घेऊन जाणारी, आणि शेजारणीला त्याचाही आनंद वाटायचा!

आता तुम्हीच सांगा, प्रती काढणाऱ्याला कोण विचारतं? मोडलेलं सुरू करणारा सगळ्यांना दिसतो. शू-झन दर आठवड्याला आगारामागून आगार घेत बसायची, एकेक फाइल ओढून आणायची, उघडून पाहायची, पुन्हा मिटायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई नुसती बसली आहे. आणि त्साय-युन हातात वायरींचं भेंडोळं घेऊन खोलीतून बाहेर पडली की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे, "निघाली युन ताई! आता काळजी नाही."

आमच्याकडे यंत्रांवर खाऊचं पाकीट ठेवतात. हिरवंच हवं, नारळाच्या चवीचं, मुदत न संपलेलं. म्हणजे यंत्र शहाण्या मुलासारखं वागतं. पाकिटावर ठेवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत. कंपनीच्या झाडून सगळ्या राउटरांवरच्या पाकिटांवर नाव होतं कांग त्साय-युनचं. शू-झनने एकदा हौसेने आपल्या नावाचं पाकीट ठेवलं, तर संध्याकाळी तांग साहेब ते हसतहसत परत घेऊन आले. "आ-झन, राहू दे गं. त्या डब्याला युनची सवय आहे." साहेब मनाचे चांगले होते, पण हे वाक्य शू-झनने त्यांना कधी माफ केलं नाही.

एके काळी दोघी मैत्रिणी होत्या, हेही सांगायला हवं. एकाच वर्षी लागल्या, एकाच टपरीवर टर्कीभात खाल्ला, एकाच छत्रीतून घरी गेल्या. मग शू-झनचं लग्न झालं. त्साय-युन त्या लग्नात अशी नाचली, अशी गायली, की अल्बम आला तेव्हा नवरीपेक्षा तिचेच फोटो जास्त निघाले. नवऱ्याच्या मामांनी तर विचारलंही होतं, "यातली सून कुठली?" तिथून जे सुरू झालं ते आजतागायत थांबलं नव्हतं.

कामाची रीतही दोघींची उलटी. फाइल इकडून तिकडे कॉपी करायची म्हटलं की यंत्र प्रश्न विचारतं. कुठून घेऊ? कुठे ठेवू? काय नावाने ठेवू? आधीची आहे, ती पुसून तिच्यावरच लिहू का? शू-झन प्रत्येक प्रश्न वाचायची, ओठ हलवून वाचायची. त्साय-युन एंटर, एंटर, एंटर करत सुटायची.

"यंत्र विचारतंय ते वाच गं जरा!" शू-झन ओरडायची.

"अगं, बोलायची खोडच आहे त्याला, माझ्या सासूसारखी. नुसतं हो हो म्हणायचं, खूश राहतं."

खोलीतले सगळे हसायचे. शू-झन हसायची नाही. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्साय-युनचं कधी काही बिघडायचंही नाही.

शू-झनचा नवरा आ-फा याच कंपनीत चालक, बुदायच्या समुद्रकाठच्या मार्गावर. माणूस सरळ, इतका सरळ की बायकोसमोर काय बोलू नये हे त्याला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं.

"आज बुदायला युन ताई आली होती," एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला.

शू-झनचा हात थांबला. "बरं मग?"

"राउटर पार मेला होता. तिकिटं बंद, फलक काळा, बायका ओरडतायत. ही आली, नवा डबा लावला, दोन बटणं दाबली, झालं! मी चहा घ्यायला गेलो आणि येईपर्यंत सगळं सुरू. हाताला गुण आहे हं बाईच्या."

"गुण! आणि त्या डब्यात फाइल कुठून आली?"

"कसली फाइल?"

"तिने घातली ती! नवा डबा कोरा असतो, आ-फा. बुदाय कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसतं. ती फाइल मी काढून ठेवलेली. मागच्या आठवड्यात. मी!"

"असेल ना," आ-फा समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि इथेच चुकला, "पण घातली तिनेच ना?"

शू-झनने वाटी टेबलावर जरा जोरातच ठेवली. आ-फाला वाटलं, विषय बदलावा. "आगारातल्या लोकांनी तिला टोपलीभर कालवं दिली. तिने आपल्यालाही दिली. म्हणाली, आ-झनला आवडतात."

"मला नकोत तिची कालवं."

"अगं, मग आत्ता खातेयस ते काय आहे?"

शू-झनने तोंडातला घास गिळला. टाकून देण्याइतकी उधळी ती नव्हती. पण बरगडीखाली जे दुखायला लागलं ते झोपेपर्यंत थांबलं नाही.

एरवी हे दुखणं तिने आणखी वर्षानुवर्षं पोसलं असतं. पण तांग साहेब निवृत्त होणार होते. छिंगमिंगचा सण, पितरांच्या थडग्यांची साफसफाई, एवढं पार पडलं की विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी. वरचे लोक साहेबांना विचारणार आणि साहेब दोघींपैकी एकीचं नाव सांगणार, हे पंखे पुसणाऱ्या बाईलाही माहीत होतं. शू-झनला ती खुर्ची हवी होती. वाढीव पगाराचं तिला अप्रूप नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की कागदावर तिचं नाव वर असावं आणि त्साय-युनचं खाली.

कालवांच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती काहीतरी ठरवूनच. तोवर फायलींना आगारांचीच नावं असायची. बुदायची बुदाय, मेइशानची मेइशान. कुणीही यावं आणि उचलून न्यावं. शू-झनने एकेक फाइल नव्या नावाने कॉपी करायला घेतली, आणि नावं दिली गावांची जुनी नावं. ज्याईच्या आसपासच्या गावांची ही नावं सरकारी कागदांवरून केव्हाच गेली, पण म्हातारी माणसं अजून तीच बोलतात. बुदायचं जुनं नाव पोत्याचं तोंड. मेइशानचं आलुबुखारांची घळ. मिनश्युंगचं तर ऐकायला 'मांजराला मार' असं वाटतं. शू-झन इथलीच, सगळी तिच्या जिभेवर. त्साय-युन आली होती डोंगरांच्या पलीकडून, ह्वालिएनहून. तिला मांजर काय आणि पोतं काय! म्हणजे इथून पुढे कुठलीही फाइल हवी झाली, की महाराणींना शू-झनच्या टेबलाशी येऊन उभं राहावं लागणार होतं.

सगळ्यात शेवटी मादौचं आगार राहिलं. मादौला सोयीचं जुनं नाव मिळेना. पण आगार ज्या वस्तीत आहे तिला तिथले म्हातारे 'पाणखळग्याचं टोक' म्हणतात, असं आ-फाने कधीतरी सांगितलेलं तिला आठवलं. तिने ते नाव टंकलं. नेमकी त्याच वेळी दाराबाहेर त्साय-युन कालवांची गोष्ट रंगवून सांगत होती आणि लोक खिदळत होते. यंत्राने काहीतरी विचारलं. शू-झनचे कान दाराकडे होते, डोळे रागाने भरलेले होते. तिने एंटर दाबलं. मग आगारांच्या नावांच्या आधीच्या फायली काढून टाकल्या आणि हात झटकले.

दोन दिवसांनी त्साय-युन खरोखरच टेबलाशी येऊन उभी राहिली. शू-झन मान वर न करता म्हणाली, "काय हवं?"

"आ-झन, हे 'मांजराला मार' काय प्रकरण आहे?"

"मिनश्युंग."

"आणि 'पोत्याचं तोंड'?"

"बुदाय. इथल्या लोकांना कळतं ते."

त्साय-युन मटकन खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सगळी नावं तिने विचारून घेतली, घोकली, आणि निघाली. दोनच दिवसांत चालक वायरलेसवर बोलायला लागले, "पोत्याच्या तोंडातून निघालो, मांजराला मारून येतो." म्हातारे प्रवासी खिडकीवर मुद्दाम जुन्या नावांनी तिकीट मागू लागले. कंपनीत नुसती धमाल.

"युन ताईचं डोकं म्हणजे ना!" तिकीट खिडकीची फान मावशी म्हणाली.

"ती नावं मी दिली, मावशी," शू-झन म्हणाली.

"हो का?" फान मावशीने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "बघ, युनच्या संगतीत तुलाही असं सुचायला लागलं."

शू-झनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने लावलेलं कुलूप त्साय-युनने खुळखुळा म्हणून गावभर वाजवत नेलं होतं. आणि तांग साहेब? ते जिन्यात भेटले तर म्हणाले, "जुनी नावं ऐकून बरं वाटलं. त्साय-युन बाहेरून आलेली, पण इथल्या मातीवर किती जीव आहे तिचा!"

छिंगमिंगच्या आदल्या दुपारी श्वेइशांगच्या आगारातला राउटर बिघडला. सणाला गावी जाणाऱ्यांची ही गर्दी. हातात कुदळी, फुलं, पितरांसाठीचे कागद, कडेवर पोरं. राउटर सुरू व्हायचा, थोडा वेळ कुंथायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्साय-युन गाडी काढून धावली. इकडे तांग साहेबांच्या खोलीत फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला. साहेब, फान मावशी, हिशेबातले दोघे आणि आपल्या कॉम्प्युटरपुढे शू-झन.

"साहेब, याच्या पोटातली फाइलच नासलीय," त्साय-युनचा आवाज आला. "अर्धी वाचतो नि परत मरतो. पुसून टाकते आणि प्रत घालते."

"पुसलंस आणि पुढे काही अडलं तर?"

"आ-झनची प्रत आहे की! आ-झनने ठेवलंय म्हणजे कसली भीती? ती बसलीय म्हणून तर मी इतकी वर्षं डोळे मिटून एंटर मारतेय."

सगळ्यांनी शू-झनकडे पाहिलं. तिला एकदम बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, घोटभर गरम चहा पोटात गेल्यासारखं. इतक्यात फान मावशी म्हणाली, "किती मोकळ्या मनाची पोरगी! दुसऱ्याला मोठेपणा द्यायला मन लागतं." झालं, चहा तिथेच गार झाला.

"पुसलं," फोन म्हणाला. "आ-झन, पाठव. श्वेइशांगचं काय गं? पाणखळग्याचं टोक ना?"

"हो," शू-झन म्हणाली आणि फाइल पाठवली.

राउटर उठला, दिवे लागले. फोनमधून लोकांचा आनंदाचा गलका आला, आणि मग तो विचित्र तऱ्हेने विरला. श्वेइशांगच्या फलकावर गाड्या लागल्या होत्या, पण त्या मादौच्या होत्या. ज्याईला जायला आलेल्या माणसांना फलक भलत्याच गावांच्या वेळा सांगत होता. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. मादौचं आगार. तिथलं सगळं अचानक बंद पडलं होतं. त्याच नावाचा, त्याच पत्त्याचा दुसरा डबा श्वेइशांगला उभा राहिला होता आणि 'मादौ मीच' म्हणून दोघांची जुंपली होती.

शू-झनने पाठवलेली फाइल उघडली. वरच्याच ओळीत लिहिलं होतं, मादौ.

श्वेइशांगचं जुनं नावही पाणखळग्याचं टोकच. हे तिला ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. सुरुवातीला श्वेइशांगच्या फाइलला तिनेच ते नाव दिलं होतं. मग रागाच्या भरात मादौच्या फाइललाही तेच दिलं. यंत्राने बिचाऱ्याने विचारलं होतं, या नावाची एक आधीच आहे, तिच्यावर लिहू का? आणि प्रत्येक प्रश्न ओठ हलवून वाचणाऱ्या बाईने न वाचता एंटर दाबलं होतं. श्वेइशांगची एकमेव प्रत त्या दिवशीच गेली होती, आणि नव्या प्रती काढायची पाळी अजून यायची होती. डब्यातली होती तीही त्साय-युनने, शू-झनच्या भरवशावर, आत्ता पुसली.

"हे झालं कसं?" तांग साहेबांनी विचारलं.

खोलीत कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, एकीला सोडून. तिने तोंड उघडायच्या आत फोन बोलला.

"साहेब, माझंच चुकलं असणार. घाईत कुठल्यातरी प्रश्नाला हो म्हणून बसले. माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. काय बोलायचं ते मला बोला, पण आधी लोकांची सोय करा."

तिला मनापासून तसंच वाटत होतं. आणि कुणालाही तसंच वाटलं असतं. शू-झनने फक्त गप्प बसायचं होतं. सणाच्या गर्दीत दोन आगारं बंद पाडणाऱ्या बाईला कोण प्रमुख करणार? खुर्ची चालत तिच्याकडे येत होती. तिने मान खाली घातली आणि खरं सांगायचं तर, तिला आतून गुदगुल्या झाल्या.

"बघा!" फान मावशी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दुसरी असती तर यंत्रावर ढकललं असतं, कुणा तिसऱ्यावर ढकललं असतं. ही सरळ म्हणते, माझं चुकलं."

"छाती लागते त्याला," हिशेबातला एकजण म्हणाला.

तांग साहेब हळूच मान हलवत होते. "चुका सगळेच करतात. पण अशी कबूल करणारी माणसं मी फार कमी पाहिली. युनचं मन मोठं आहे, हे आज कळलं."

शू-झनच्या बरगडीखाली अशी कळ आली की तिला बसवेना. फायली मी काढल्या, नाव तिचं झालं. गावांची नावं मी शोधली, कौतुक तिचं झालं. आणि आता गाढवपणा मी केला, निस्तरता येणार नाही असा केला, तर तोसुद्धा हिच्याच पदरात? त्याबद्दलही हिच्याच आरत्या?

"चूक माझी आहे!" ती ओरडली.

सगळे दचकले.

"माझी आहे चूक! तिचा काय संबंध? मादौची फाइल श्वेइशांगच्या नावावर मी कॉपी केली. यंत्राने विचारलं, आधीच्या फाइलवर लिहू का, मी हो म्हटलं. मी! तिने फक्त मी पाठवलेली घातली. तिने काही म्हणजे काही केलेलं नाही!"

मग फोनमधून बारीक आवाज आला, "आ-झन, म्हणजे श्वेइशांगची प्रत..."

"नाही. कुठेच नाही."

"अगं बाई!"

"अगं बाई काय! आधी त्या डब्याची वायर काढ, म्हणजे मादौ तरी जिवंत होईल. आणि कागद घे, नको, कागद राहू दे, मी सांगते तसं कर."

मादौ सुरू झालं. श्वेइशांगला वाहक हाताने तिकिटं फाडू लागले, आणि या दोघी फोनवर बसल्या. श्वेइशांगची फाइल नव्याने रचायची होती. शू-झनने मिनश्युंगची प्रत पुढे घेतली आणि तिच्यावरून एकेक ओळ बदलत निघाली. तिकडे त्साय-युन फरशीवर उकिडवी बसून कुठली वायर कुठे जाते ते सांगत होती.

"तिसरी?"

"तिकीट खिडकी. थांब, थांब. नाही, फलक."

"नक्की सांग! की एंटर मारतेयस?"

"अगं, माणसांचे पाय आहेत मध्ये. हां, फलक. शपथ."

दिवे लागायच्या सुमाराला श्वेइशांगच्या फलकावर श्वेइशांगच्या गाड्या आल्या.

"आता चालू फाइल जपून ठेव," शू-झन म्हणाली. "नाहीतर वीज गेली की पुन्हा कोरा."

"ठेवली."

"यंत्राने काय विचारलं?"

"विचारलं, की नक्की ना."

"वाचलंस?"

"वाचलं गं, बाई!"

सण झाला. तांग साहेबांनी नाव दिलं ते कांग त्साय-युनचंच. ज्या बाईच्या रागापायी कंपनीची फाइल जाते तिला खुर्ची देता येत नाही, आणि साहेबांनी शू-झनला तसं तोंडावर, न दुखवता सांगितलंही. घरी येऊन ती आ-फाच्या देखत रडली, आणि आ-फाने जन्मात पहिल्यांदा योग्य तेच केलं, म्हणजे गप्प बसला.

पण इकडे एक भलतंच होऊन बसलं होतं. त्या खोलीतली हकीगत फान मावशीने खिडकीवरून सांगितली, वाहकांनी ती मार्गांवर नेली. हातात आलेली खुर्ची झन ताईने लाथाडली, पण मैत्रिणीवर आळ येऊ दिला नाही! चालक तिला पाहून टोपीला हात लावायला लागले. मिनश्युंगच्या आगाराने अननसांची पेटी पाठवली, वर मोठ्या अक्षरांत, यू शू-झन यांना. आपण कशामुळे ओरडलो हे शू-झनला पक्कं ठाऊक होतं. लोकांचा गैरसमज दूर करावा, असं तिला एक-दोनदा वाटूनही गेलं. पण इतकी काही ती सत्यवादी नव्हती.

नव्या प्रमुखाने पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी मोठा केक आणला. दुपारी खोली रिकामी झाली, तेव्हा त्साय-युन त्या नव्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. शू-झन आपल्या प्रती काढत होती. आता प्रत्येक नाव दोनदा तपासायची.

"आ-झन."

"हं."

"बढती कुणाची झाली गं?"

"तुझी."

"केक कुणी आणला?"

"तू. का?"

"नाही, मला वाटलं तुझीच झाली. सकाळपासून जो येतो तो माझा केक खातो आणि विचारतो, झन ताई कुठेत? झन ताई दमल्यात का? मावशीने तुला कोपऱ्यातला तुकडा राखून ठेवला, साखरेचं फूल असलेला. मला साधा." त्साय-युन हसायला गेली, पण तिचं ते नेहमीचं हसू काही निघालं नाही. "काल घरी तर नवराच म्हणाला, बाई असावी तर तशी. जेवताना म्हणाला, माझ्या तोंडावर!"

शू-झनने मान वर केली. त्या आवाजातली किनार तिने लगेच ओळखली. स्वतःच्या आवाजात ती तिने इतकी वर्षं ऐकली होती. आणि तिला असं काही वाटलं, जे खुर्ची मिळून वाटलं नसतं, नाव वर लागून वाटलं नसतं. अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं वाटलं.

"आणखी काय म्हणाला?" तिने विचारलं.

"जाऊ दे ना."

"नाही, सांग ना. सगळं सांग," शू-झन म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी येऊन बसली.